कडुनिंबावरचा खिळा

नातसुनेच्या बाळंतपणासाठी शकुंतलाबाई पांढुर्ण्याला आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर तिळाच्या तेलाची बाटली होती, डिंकाच्या लाडवांचा डबा होता आणि एक पत्र्याची पेटी होती. कुणालने पेटी बसमधून खाली घेतली आणि तो वाकलाच.

"आजी, दगडं भरून आणले का वो?"

"तुह्या आबाजीचा संसार हाय त्याच्यात. हळू ठेव."

कुणाल हा त्यांच्या मुलाचा मुलगा. नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामावर लागल्यापासून तो बायकोला, प्रियंकाला, घेऊन पांढुर्ण्यात दोन खोल्यांमध्ये राहत होता. प्रियंकाची आई ती लहान असतानाच गेलेली. त्यामुळे पहिलं बाळंतपण असूनही ती माहेरी गेली नाही, कुणालच्या आईला मजुरी सोडून येता येईना, आणि लोधीखेड्याजवळच्या गावाहून आजीला बोलावणं गेलं. शकुंतलाबाईंनी सत्तरी ओलांडली होती. चार वर्षांपूर्वी नवरा, उत्तम, गेला तेव्हापासून त्यांची कोणाला फारशी गरज पडली नव्हती. शेजारणींना त्या सांगत फिरल्या, "मले बोलावलं वो. माह्या हातची मालिश पाह्यजे म्हणते."

मुलगी झाली. गोरी नाही, काळी नाही, भिजवलेल्या बदामाच्या रंगाची. नाव अजून ठेवायचं होतं. आजी तिला ठकू म्हणू लागल्या आणि तेच चिकटलं.

बारसं झालं की विहारात न्यायचं, तोपर्यंत ठकूसाठी गोधडी शिवून व्हायला हवी, असं शकुंतलाबाईंनी मनात घेतलं. त्यांच्याकडे तान्ह्या बाळाला नवं कापड लावत नसत. नवं कापड खरखरीत, त्याला गिरणीची खळ. घरातल्या मोठ्या माणसाने अंगावर वापरून वापरून मऊ केलेलं कापड घ्यायचं आणि त्याची गोधडी शिवायची. त्या माणसाचं आयुष्य आणि माया त्यातून बाळाच्या अंगाला लागते, असं त्यांच्या सासूबाई सांगायच्या. कुणालच्या वेळची गोधडी सासूबाईंच्या लुगड्याची होती. आता ठकूसाठी पणजोबांचा शेला.

पेटी उघडली तसा वास आला. उग्र, थोडा गोडसर, नाकातून थेट डोक्यात जाणारा. प्रियंका दारातूनच म्हणाली, "आजी, कशाचा वास येऊन राहिला?"

"जुन्या कपड्याचा," असं म्हणून त्यांनी शेला बाहेर काढला आणि तोंडाशी धरला. त्यांच्यासाठी तो उत्तमचा वास होता.

शेला पांढरा होता, आता तांबूस पिवळा झालेला. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी दोघं दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर गेले होते, तिथे घेतलेला. पाच-सात वर्षं उत्तमने तो फक्त विहारात आणि लग्नकार्यात वापरला. मग तो विरला, कामाचा झाला आणि उरलेलं आयुष्य त्याच्याबरोबर शेतात गेला.

उत्तमचं काम फवारणीचं. स्वतःची जमीन नव्हती. पण लोधीखेड्यापासून सौंसरपर्यंत ज्यांच्या संत्र्याच्या बागा आणि कपाशी होत्या, ते सगळे त्यालाच बोलावत. "उत्तमच्या हाताची फवारणी पाह्यजे," म्हणत. पाठीवर पंप, एका हाताने दांडा मारायचा, दुसऱ्या हातात नळी, आणि चाल अशी की एकही पान कोरडं राहू नये. कपाशीवर मारायच्या विषाला सगळे औषधच म्हणत. उत्तम ते बादलीत ओतायचा आणि कोपरापर्यंत हात घालून ढवळायचा. काडीने ढवळलं तर तळाशी बसतं, हाताला बरोबर कळतं, असं त्याचं म्हणणं. तोंडाला आणि डोक्याला शेला बांधलेला. लांबून नुसते डोळे दिसायचे. शकुंतलाबाई तेव्हा कापूस वेचायला त्याच शिवारात असायच्या. कमरेला बांधलेली ओटी कापसाने फुगलेली, आणि कपाशीच्या चार ओळींपलीकडे तो पांढरा शेला हलताना दिसायचा. वेचणाऱ्या बाया चिडवायच्या, "शकुंतले, तुहा नवरदेव पाह्य, मुंडावळ्या बांधून चालला!" त्या लाजायच्या आणि जोरात कापूस ओढायच्या.

पोळा ते दिवाळी फवारणीचा जोर असे. त्या दिवसांत उत्तमच्या मानेवर, जिथे पंपाचा पट्टा बसायचा तिथे, काळा चट्टा पडायचा. पंप गळका असला तर पाठीवरून कमरेपर्यंत लाल ओघळ उमटायचे. हाताच्या बोटांची सालं निघायची. शकुंतलाबाई कडुनिंबाचा पाला उकळून द्यायच्या, तेल चोळायच्या. तो हसायचा. "साप कात टाकते, मी काऊन नाई टाकाव?" थंडी सरली की कातडी पुन्हा धड व्हायची. तो मानेवरचा चट्टा मात्र शेवटपर्यंत राहिला, आणि शेवटच्या आंघोळीतही दिसला.

शेला त्यांनी तेव्हा सोडा घालून धुतला, वाळवला, घडी केली. कसर लागू नये म्हणून घडीच्या पदरात पांढरी पावडर भुरभुरली. ही पावडर गावात घरोघरी असायची. धान्याच्या कोठीत, ढेकणांच्या खाटेत, वाळवीच्या भिंतीत. दुकानात मिळेनाशी होऊन वर्षं झाली, पण उत्तमने एका बागवाल्याकडून उरलेली डबाभर आणली होती आणि ती पुरवून पुरवून वापरली जात होती. चार वर्षांत शेल्याला एक भोक पडलं नाही. ह्याचा त्यांना अभिमान होता.

गोधडी पाच दिवसांत झाली. शेला दुहेरी, मध्ये जुन्या धोतराचा थर, बारीक धावदोरा. शिवण्याआधी त्यांनी शेला झटकला, एकदा पाण्यातून काढला. बोटांना चिरा पडल्या, पण त्याकडे कोण बघतो. थंडी पडली होती, म्हाताऱ्या माणसाचे हात फुटायचेच.

ठकू गोधडीवर झोपली, आणि आठ दिवसांत तिच्या पाठीवर पुरळ आलं.

आधी घामोळ्यासारखे बारीक दाणे, मग ते एकमेकांत मिसळले. पाठ, पोटऱ्या आणि ज्या कुशीवर ती झोपायची तो गाल लाल झाला. दोन दिवसांनी गालावर पाणी सुटलं. पोर रडायची ती थांबायचीच नाही. प्रियंकाने साबण बदलला. कुणालने नळाचं पाणी उकळून थंड करून द्यायला सुरुवात केली, "मीच सोडतो ते पाणी, मले मालूम हाय कसं हाय ते," असं म्हणून. आजींनी मालिशचं तेल बंद केलं. समोरच्या घरातल्या शांताबाई येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "पोरीले नजर लागली. आता तिच्या पणजीसारखी सुंदर असली तं लागणारच."

"माह्यी नजर लागली म्हन ना सरळ," आजी म्हणाल्या.

"तुही काय लागते? तुले तं सुईत दोरा दिसत नाई."

हसणं तेवढ्यापुरतं. पोरीला जितका त्रास व्हायचा, तितक्या आजी तिला त्या मऊ गोधडीत आणखी गुंडाळून मांडीवर घ्यायच्या. दुसरं कोणतंही कापड तिला टोचेल अशी त्यांना भीती वाटायची. पांढुर्ण्यातल्या डॉक्टरने दिलेल्या मलमाने दोन दिवस बरं वाटलं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यानेच सांगितलं, सौंसरला दर मंगळवारी नागपूरहून कातडीची डॉक्टरीण येते, तिला दाखवा.

मंगळवारी कुणालला पाण्याची पाळी होती. प्रियंका आणि आजी सकाळच्या बसने निघाल्या. थंडी होती म्हणून ठकू गोधडीतच होती.

डॉक्टरीण तरुण होती, पण घाईची नव्हती. तिने ठकूचे सगळे कपडे काढायला लावले आणि बराच वेळ नुसतं पाहिलं. मग लंगोटाची जागा दाखवून म्हणाली, "हे बघा. इथली कातडी एकदम चांगली आहे. मांडीच्या घड्या चांगल्या, काखा चांगल्या. फक्त जिथे बाहेरून काही टेकतं तिथेच झालंय. बाळ कशावर झोपतं?"

"आजीनं शिवलेल्या गोधडीवर," प्रियंका म्हणाली.

डॉक्टरणीने गोधडी हातात घेतली, उलटसुलट केली. "कापड कोणतं आहे, आजी?"

"जुनं. मऊ. घरातलंच."

"कशाला वापरलेलं होतं?"

शकुंतलाबाईंच्या मनात त्या क्षणी काहीतरी हललं. पाण्याच्या तळाशी काही दिसावं आणि लगेच गढूळ व्हावं तसं. ही बाई आता म्हणेल, टाका. शेला म्हणजे उत्तमची सगळ्यात जवळची वस्तू. त्याचा एक फोटोही धड नव्हता, मतदानाच्या ओळखपत्रावर होता तो कोणाचाही वाटावा असा.

"पांघराले वापरत होतो," त्या म्हणाल्या. "पेटीत ठेवलं होतं सांभाळून."

डॉक्टरीण त्यांच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघत होती. "जरा हात दाखवा."

"माह्ये काय पाहता? म्हातारीचे हात."

"दाखवा तर."

बोटांची टोकं फुटलेली, लाल, आणि उजव्या हाताच्या मनगटापर्यंत तेच बारीक दाणे. "हे कधीपासून?"

"दिवाळीनंतर," आजी म्हणाल्या. मग हळूच, "गोधडी शिवाले घेतली तवापासून."

"आजी, तुमच्या हाताला आणि बाळाच्या पाठीला एकच गोष्ट लागतेय. ती कोणती, ते तुम्ही घरच्यांनी शोधायचं. साबण असेल, रंग असेल, एखादी पावडर असेल. मी मलम देते, पण ती गोष्ट लागत राहिली तर मलमाचा उपयोग नाही. तुमची कातडी जाड आहे, ती चिरली आणि थांबली. हिची कांद्याच्या पापुद्र्याएवढी आहे. हिच्या अंगाला जे लागेल ते आत उतरेल. आणि शोध लागेपर्यंत ही गोधडीही बाजूला ठेवा."

प्रियंकाने मान हलवली. बाहेर येऊन तिने स्टँडवर एक किलो संत्री घेतली. वारा गार होता, ठकू किरकिरत होती, आणि दुसरं काही बरोबर आणलेलं नव्हतं. "आता घरापर्यंत राहू दे," प्रियंका म्हणाली आणि पोर पुन्हा त्याच गोधडीत गुंडाळून आजींच्या मांडीवर दिली. आजींनी तिला छातीशी घट्ट धरलं.

बस सौंसरबाहेर पडली. दोन्ही बाजूंना बागा. तोडा चालू होता, बांधावर संत्र्यांचे ढीग लागलेले, क्रेट भरले जात होते. एरवी शकुंतलाबाईंनी प्रियंकाला प्रत्येक बाग सांगितली असती, ही अमक्याची, इथे आम्ही दोन दिवाळ्या काम केलं, त्या विहिरीवर भाकर खाल्ली. आज त्या खिडकीला डोकं टेकवून बसल्या होत्या.

एका फाट्यावर माणसं चढायला बस थांबली. रस्त्याला लागूनच एक माणूस झाडांवर फवारणी करत होता. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल बांधलेला, नुसते डोळे दिसत होते. वारा बसच्या बाजूचा होता. खिडकीतून वास आत आला आणि पुढच्या बाकावरचा एकजण खोकला. प्रियंकाने पटकन हात पुढे केला आणि गोधडीचा पदर ठकूच्या नाकावर ओढला.

बाहेरचा वास आणि पदराचा वास एकच होता.

शकुंतलाबाईंना त्यांचं गावचं घर दिसलं. अंगणात कडुनिंब, आणि कडुनिंबाच्या खोडावर ठोकलेला मोठा खिळा. संध्याकाळी उत्तम आला की आधी त्या खिळ्यावर शेला अडकवायचा. मग नाल्यावर जायचा. चार-पाच वर्षांचा कुणाल "आबाजी, आबाजी" करत धावत सुटायचा आणि उत्तम लांबूनच ओरडायचा, "दूर रे! शिवू नको! अंगावर औषध हाय." ज्या शब्दाने त्याचं स्वतःचं लहानपण पोळलेलं, तो शब्द तो रोज संध्याकाळी नातवाला ऐकवायचा आणि मग स्वतःशीच खिन्न हसायचा. साबण लावून, डोकं भिजवून, दुसरे कपडे घालून आला की मगच पोराला उचलायचा. एकदा पाऊस आला म्हणून शकुंतलाबाईंनी शेला आत आणून खुंटीला लावला, तेव्हा तो कधी नव्हे तो चिडला होता. "हा घरात नाई आनाचा. भिजू दे. लेकरू हाय घरात."

कामाचा झाल्यापासून तीस वर्षं, तो एक दिवस सोडला तर, शेला उंबऱ्याच्या आत आला नाही. त्यानेच येऊ दिला नाही. त्याच्या माघारी तो आत आणला त्यांनी, घडी घातली त्यांनी, आणि पोरीच्या अंगाखाली अंथरला त्यांनी.

"काढ ते!" त्या ओरडल्या. "काढ तिच्या नाकावरून!"

प्रियंका दचकली. आजींनी गोधडी सोडली, पोरीला वर उचललं. "तुही ओढनी दे. दे लवकर." ठकूला ओढणीत घेऊन झाल्यावर गोधडी कुठे ठेवावी ते कळेना. त्यांनी संत्र्यांची प्लास्टिकची पिशवी उलटी केली, गोधडी आत कोंबली आणि वर गाठ मारली. संत्री बसभर घरंगळत गेली.

"आजी, फुकट वाटून राहिल्या का?" मागून कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले. एका बाईने तीन-चार गोळा करून आणून दिली.

प्रियंका हसली नाही. "काय झालं आजी?"

"मी डॉक्टरनीजवळ खोटं बोलली." शकुंतलाबाईंनी खिडकीबाहेर बघत सगळं सांगितलं. शेला, पंप, पावडर, कडुनिंबावरचा खिळा.

प्रियंकाने ठकूच्या अंगावरची ओढणी नीट केली. मग तिने विचारलं, "तुमाले मालूम होतं?"

"नाई वो बाई. शपथ. मालूम असतं तं मी शिवलीच नसती. पन आज तिनं इचारलं तवा मनात आलं होतं. आलं अन् मी दाबून टाकलं."

"काऊन?"

"टाकून दे म्हनन, म्हनून."

प्रियंकाने पोरीला आपल्याकडे घेतलं आणि तोंड दुसरीकडे वळवलं. पांढुर्णा येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. शकुंतलाबाईंना तेच बरं वाटलं. रागावली असती तर त्यांना रडू आलं असतं.

संध्याकाळी कुणालने डॉक्टरणीला फोन लावला. ती म्हणाली, गोधडी जाळायची नाही, धूर नाकात जाईल. नाल्यात सोडायची नाही, कोणाला द्यायची नाही. नीट बंद करून, विषारी कचरा वेगळा घेतात तिथे सोपवायची. नगरपालिकेत कोणाला विचारायचं ते कुणालला माहीत होतं. पेटीतलं बाकीचं सामान आणि तळाशी ठेवलेला तो पावडरचा डबाही त्याबरोबर गेला. जाताना त्याने आजींना विचारलं, "एकदा पाहून घेतं का?"

"नाई," त्या म्हणाल्या. "त्यानंच घरात येऊ देलं नोतं. ने."

पिशवी गेली आणि पाचव्या दिवशी ठकूचा गाल कोरडा झाला. तीन आठवड्यांनी पाठीवर नुसते फिकट डाग उरले, दुधात साय हलावी तसे. आजींच्या बोटांना वेळ लागला. मालिशला त्यांना मनाई होती. त्या बाजूला बसून सांगायच्या आणि प्रियंका करायची. पहिले काही दिवस ती नुसतं "हो" म्हणायची. मग एकदा ठकूने मालिश करताना तिच्या अंगावर मुतलं, तेव्हा दोघी एकदम हसल्या आणि गोष्ट मिटली. कोणी मुद्दाम मिटवली नाही.

पुरळामुळे लांबलेल्या बारशाच्या आधी शकुंतलाबाईंनी आपलं गाठोडं उघडलं. त्यात एक पांढरी साडी होती. पौर्णिमेला आणि दसऱ्याला विहारात नेसायची, एरवी नाही. त्या एकेक कपड्याचा विचार करत गेल्या होत्या. कापूस वेचला त्या साड्या नकोत, संत्रा तोडला त्या नकोत. बागेत, शिवारात कधी गेलंच नाही असं एवढं एकच कापड निघालं. सासूबाईंनी ह्याचा विचार कधी केला नव्हता. त्यांच्या वेळी करायचं कारणही नव्हतं.

"हे फाड," त्यांनी प्रियंकाला सांगितलं. "दोनदा उकयून घे पह्यले."

"तुमी काय नेसान मंग?"

"प्रियंका, मले आता कोन पाहाले येते? फाड."

शिवायला प्रियंकाच बसली, कारण आजींना सुई धरायला अजून परवानगी नव्हती. तिने शाळेत एकदा रुमाल केला होता, तेवढीच तिची शिवणकला. शकुंतलाबाई चष्मा लावून जवळ बसल्या आणि दर चार टाक्यांनी बोलत राहिल्या.

"हा टाका हाय का नाला? ह्याच्यातून ठकूचा पाय जाईन."

"मंग तुमीच शिवा."

"माह्ये हात बंद हायेत. तोंड बंद कराले डॉक्टरनीनं सांगतलं नाई."

कुणाल कामावरून आला, हातपाय धुऊन ठकूजवळ बसला. ती नव्या, वाकड्यातिकड्या टाक्यांच्या गोधडीच्या अर्ध्या तुकड्यावर हातपाय झाडत पडली होती. शकुंतलाबाई त्याच्याकडे बघत होत्या. बऱ्याच दिवसांपासून विचारायचं त्यांच्या मनात होतं.

"कुणाल, तुले आबाजीचा वास आठवते का रे?"

"आठवते ना."

"कसा होता?"

"लाल साबनाचा," तो लगेच म्हणाला. "अन् ओल्या केसाचा. उचलून घे ना मले, तं गळ्यातून पानी गळे त्याच्या. थंडगार."

शकुंतलाबाईंनी चष्मा काढला. त्यांनी डोळे मिटले आणि आठवून पाहिलं. थोडा वेळ लागला. मग नाल्यावरून येणारी ओली पावलं आली, निथळती मान आली, आणि मागोमाग तो वासही आला.

"कामावरून येताना लाल साबन आनजो उद्या," त्या म्हणाल्या. "ठकूसाठी नाई. माह्यासाठी."